खोळ घेतलेला माणूस

काच बदलून आणायची, एवढंच काम होतं. अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर आली होती आणि कुरुंद्याच्या उत्तमरावांच्या घरात भिंतीवरच्या आज्जेबांच्या तसबिरीची काच तडकली होती. कशाने तडकली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पार्वतीबाईंनी तसबीर जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि सुनेच्या स्कूटीवर पुढे पायाशी उभी करून दिली.

"आडवं नको ठेवू गं," त्या म्हणाल्या. "आज्जेबा हायेत, सामान न्हाई."

सून म्हणजे साधना. वसमतच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. नवरा रुद्र नोकरीसाठी नांदेडला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. घरात सासू-सासरे, साधना आणि तिची सात वर्षांची अनुश्री. घर चांगलं स्लॅबचं होतं. पुढे पत्र्याची ओसरी, मागे हळद वाळवायचं लांबरुंद अंगण, आणि पुढच्या दारातल्या छोट्या अंगणात कडुनिंब. भुताखेतांनी मुक्कामाला यावं असं त्या घरात काही नव्हतं.

या आज्जेबांची हकिगत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. आज्जेबा म्हणजे उत्तमरावांचे आजोबा, अमृतराव. ते गेले तेव्हा उत्तमरावांचा जन्मही झालेला नव्हता. त्या काळी फोटो काढायचा तर हिंगोली गाठावी लागे, आणि अमृतरावांना शेतातून मान वर करायला फुरसत नव्हती. माणूस गेला आणि मागे एक फोटो राहिला नाही. याची रुखरुख त्यांच्या मुलाला, म्हणजे उत्तमरावांच्या वडिलांना, कायम लागून राहिली. मग साठ-बासष्ट वर्षांपूर्वी ते कसल्याशा कामाला हिंगोलीला गेले असताना रामसिंग नावाच्या एका जुन्या सामानवाल्याच्या दुकानात त्यांना हे चित्र दिसलं. इंग्रजांच्या छावणीतल्या कोण्या साहेबाच्या बंगल्यातून फिरत फिरत आलेलं. डोक्यावरून पायांपर्यंत जाड कापड ओढलेला एक माणूस, कापडाला डोक्यावर टोक आलेलं, एका हाताने छातीशी ते धरलेलं. पाय अनवाणी, गालफडं बसलेली, डोळे खोल.

आपल्याकडे पावसात शेतकरी घोंगडीचा एक कोपरा दुमडून डोक्यावर घेतो, त्याला खोळ म्हणतात. ते ध्यान पाहिलं आणि त्या मुलाला पावसात बांधावर उभा असलेला बापच दिसला. दुकानातच तो ढसाढसा रडला. तसबीर गावात आली तेव्हा अमृतरावांना पाहिलेली म्हातारी माणसंसुद्धा "हुबेहूब, हुबेहूब" म्हणाली. रडणाऱ्या पोराला नाही कोण म्हणणार? एकदा सगळ्यांनी हो म्हटलं की खोटंही पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टिकतं.

त्या घरची एक रीत होती. अक्षय्य तृतीयेला, तिकडे आखिती म्हणतात, भर बारा वाजता पूर्वजांना पाणी घालायचं. नवीकोरी मातीची घागर भरायची, त्यात वाळा टाकायचा, आणि तसबिरीसमोरच्या ताम्हनात नाव घेऊन तीनदा पाणी सोडायचं. घरात जन्मलेल्या लेकीने सोडलं तर ते पूर्वजाला थेट पोचतं म्हणे. पण या घरात साठ वर्षांत लेक जन्मलीच नव्हती. आधी उत्तमरावांची आई आणि मग पार्वतीबाई, अशा सुनाच पाणी घालत आल्या होत्या. अनुश्री झाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला, आणि गेल्या आखितीला त्यांनी तांब्या नातीच्या हातात दिला. अनुश्रीने तिच्या चिमण्या आवाजात "अमृतराव आज्जेबा, या, पाणी घ्या" असं तीनदा म्हटलं.

तेव्हापासून पोरीला तहान लागली.

आधी कोणाच्या लक्षातही आलं नाही. उन्हाळा होता, लेकरू पाणी पिणारच. पावसाळा गेला, थंडी आली, तरी तहान गेली नाही. रात्री तीन-चारदा उठायची, माठाशी जायची, तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायची. ओठ फुटलेले, कातडी कोरडी, हातांच्या काड्या झालेल्या. नांदेडला दोन डॉक्टर झाले. साखर नाही, मूत्रपिंडं चांगली, रक्त चांगलं. दुसऱ्या डॉक्टरांनी सगळे कागद परत पाहिले आणि "पाणी भरपूर देत जा" असं सांगितलं. साधना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. वीस किलोची पोर आता साडेपंधरावर आली होती. ही लेक आपल्या हातून चाललीय, हे तिला कळत होतं आणि कोणाला सांगता येत नव्हतं.

"आज्जेबांचं पाणी कमी पडून राहिलं," पार्वतीबाईंचं निदान ठरलेलं होतं. "यंदा आखितीला पोरीच्या हातून पाच घागरी घालू. बराबर होईल सगळं."

तर ती काच. वसमतला शिलाचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. नवऱ्यामागे तिने ते एकटीने चालवलं होतं, आणि तोंडाने अशी फटकळ होती की गिऱ्हाईक उधारीचा शब्द काढत नसे. तिने तसबीर टेबलावर पालथी घातली, पकडीने मागचे बारीक खिळे उपसले, पुठ्ठा काढला आणि काच उचलून उजेडात धरली.

"ताई, हे बघा."

काचेच्या आतल्या बाजूला, चित्रातल्या माणसाचं तोंड येतं बरोबर तिथे, पांढरट कडं उमटलं होतं. शिलाने ते नखाने खरवडलं.

"क्षार हाय. माठाला बाहेरून येतो तसा. ओल शिरली असंल."

पण ओल शिरलेला कागद फुगतो, त्याला डाग पडतात. हा कागद तर पापडासारखा कोरडा होता. साधना वाकली आणि तिच्यातली चित्रकलेची बाई जागी झाली. चित्राच्या चारी बाजूंनी कागद चौकोनात किंचित दबलेला होता. तिने बोटाचं टोक हलकेच फिरवलं. शाईच्या रेषा कागदावर उठून आल्या होत्या, बोटाला लागत होत्या.

"शिला, हा फोटो नाहीच," ती म्हणाली. "हे एचिंग आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवतात, त्यावर सुईने चित्र ओरखडतात, मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवतात. ॲसिड रेषा खातं. त्या खड्ड्यांत शाई भरायची आणि वर कागद दाबायचा. आम्हाला संभाजीनगरला कॉलेजात शिकवलं होतं."

फ्रेमच्या लाकडी पट्टीखाली इतकी वर्षं झाकलेली कागदाची खालची कड आता उघडी पडली होती. तिथे बारीक परकी अक्षरं होती. साधनाने मोबाइल त्यावर धरला. फोनने जरा विचार केला आणि सांगितलं की भाषा फ्रेंच आहे. मग अर्थ आला. अल्जीरियाचा माणूस, प्रत्यक्ष समोर पाहून काढलेला. कोपऱ्यात चित्रकाराची झोकदार, न लागणारी सही. ज्याला उन्हात समोर उभा केला होता त्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

"म्हंजे तुमचे आज्जेबा परदेशी गेल्ते व्हय?" शिलाने विचारलं.

साधनाला फस्सकन हसू आलं. साठ वर्षं पुरणपोळी, साठ वर्षं आमरस, आणि खाणारा हा! ती हसत राहिली, आणि मग तिला अनुश्रीचा चिमणा आवाज आठवला. या, पाणी घ्या. आपल्या पोरीने कोणाला बोलावलं होतं? तिचं हसणं तिथेच थांबलं.

शिला काच कापायला बसली होती. उन्हं रस्त्यावर नुसती तापत होती. घसा कोरडा पडला म्हणून शिला उठली आणि कोपऱ्यातल्या माठात ओगराळं घातलं. आतून कोरडा खडखडाट ऐकू आला. तिने वाकून पाहिलं, हात घालून पाहिला आणि बाहेर काढला. हात कोरडा होता.

"सकाळी काठोकाठ भरलाय मी..." ती हळू आवाजात म्हणाली. मग तिने टेबलावरच्या त्या माणसाकडे पाहिलं आणि भराभर काच बसवली, खिळे ठोकले, तसबीर लुगड्यात गुंडाळली. "पैसे राहू द्या ताई. ह्यांना आधी घेऊन जावा."

संध्याकाळी साधनाने घरात सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. हा अमृतराव नाही. हा समुद्रापलीकडचा कोणी तरी आहे, याच्या अंगावर घोंगडी नाही, तिकडचा झगा आहे. आणि याला माझी पोरगी पाणी घालणार नाही.

पार्वतीबाईंनी कपाळाला हात लावला. "साठ वर्सं ज्याला पाणी घातलं, तो आता आपला न्हाई म्हन्ती? असं बोलू नये गं. ते ऐकून राहिलेत."

"ऐकू द्या ना. मी काय हळू बोलते का?"

"अगं, त्यांचा राग हाय म्हून तर लेकराला तकलीफ..."

"आई, राग असेल तर माझ्यावर काढावा. पोरीवर काहून?"

उत्तमराव बाजेवर बसून होते. एरवी सुनेने चार शब्द मोठ्याने काढले की त्यांचं "व्हय, व्हय, पुरे" ठरलेलं असायचं. आज ते काहीच बोलले नाहीत. तसबीर नव्या काचेसह दिवाणखान्यात दाराशेजारच्या भिंतीवर परत चढली तेव्हा मात्र ते उठून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले.

आखितीचा दिवस उगवला तोच तापत. अकरा वाजता पत्र्याच्या ओसरीत उभं राहवेना. स्वयंपाकघरात पुरण शिजलं, आमरस झाला, कुरडया तळल्या गेल्या. तसबिरीखाली पाच नव्या घागरी ओळीने मांडल्या, प्रत्येकीत वाळा. एरवी त्या वासाने घर गार वाटायचं. त्या दिवशी घरात दुसराच वास होता, तव्यावर काही नसताना तवा तापत राहिला की येतो तसा.

बाराला पाच-दहा मिनिटं असताना अनुश्री पडली. चालता चालता खाली बसली आणि आडवी झाली. साधनाने धावत जाऊन तिला मांडीवर घेतलं. तोंडाला तांब्या लावला, तो रिकामा झाला. दुसरा लावला. पाणी तोंडात जात होतं आणि जीभ कोरडीच दिसत होती.

"आई... पाणी..."

"पिते आहेस ना बाळा."

"मी न्हाई पीत..." पोर पुटपुटली. "ते पितात."

पार्वतीबाईंनी हातातलं तबक खाली ठेवलं. त्या पुढे आल्या आणि अनुश्रीचा हात धरू लागल्या. "सोड तिला, साधना. वेळ झाली. तिच्या हातून पाणी सुटू दे, नाव घेऊ दे... ते शांत होतील..."

"हात लावू नका तिला."

"मी वैरीण हाय का गं तिची?"

"नाही आई. पण आता हात लावू नका."

तेव्हा उत्तमराव बोलले. दाराच्या चौकटीला धरून ते उभे होते आणि आवाज कुठून तरी खोलातून येत होता.

"नको घालू देऊ पाणी. माझी थोरली बहीन होती... गंगू. तसबीर आली त्या साली तिच्याच हातून घातलं होतं. पुढली आखिती तिनं पाह्यली न्हाई. मी पाच वर्साचा होतो. शेतातल्या विहिरीच्या पायरीवर सापडली, तोंड पाण्याला लावलेलं... आन् अंगात पान्याचा टिपूस न्हाई. बा म्हनले, साप चावला. सगळे तसंच म्हनले."

"अन् तुम्ही साठ वर्षं गप्प बसलात?"

उत्तमरावांनी मान खाली घातली. साधनाला त्या क्षणी भुतापेक्षा या गप्प बसण्याचीच चीड आली. भुताचं एक वेळ समजता येतं, त्याला तहान असते. या घराला तर सगळं दिसलं होतं आणि तरी तांब्या दुसऱ्या लेकीच्या हातात दिला गेला होता.

तिने अनुश्रीला पार्वतीबाईंच्या मांडीवर ठेवलं. स्टूल ओढलं, वर चढली आणि तसबीर भिंतीवरून उतरवली. लाकडी चौकट हाताला चटका बसेल इतकी गरम होती. तिने ती पदरात धरली, ओसरी ओलांडली, अंगणात गेली आणि कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली, तोंड रस्त्याकडे करून. परत येऊन उंबरठ्याच्या आत उभी राहिली तेव्हा कुठेतरी बाराचा भोंगा झाला, आणि त्यानंतर सगळे आवाज थांबले. रस्त्यावरचा ट्रॅक्टर, शेजारचा टीव्ही, चिमण्या, काहीच नाही.

मागे पार्वतीबाई कण्हल्या. साधनाने वळून पाहिलं. पाच घागरींतल्या पहिल्या घागरीचं पाणी खाली चाललं होतं. सांडत नव्हतं, झिरपत नव्हतं. नुसतं खाली चाललं होतं.

मग उंबरठ्यावर सावली पडली.

भर बारा वाजता माणसाची सावली पायाखाली असते. ही लांब होती. ओसरीवरून येऊन उंबरठ्यापाशी थांबलेली, डोक्याला टोक आलेली.  लपवण्यात अर्थ नाही, साधना प्रचंड घाबरली होती. पण मागे पोर कण्हत होती आणि दुसऱ्या घागरीत पाणी खाली चाललं होतं.

तिने तिसरी घागर उचलून कडेवर घेतली, तांब्या उचलला आणि उंबरठा ओलांडला.

"साधना..." उत्तमराव मागून कुजबुजले.

तिने मागे पाहिलं नाही. ओसरीच्या पायरीखाली, उन्हात, तो उभा होता. त्याच्याकडे नीट पाहता येत नव्हतं, कारण उन्हाच्या झळा त्याच्या आरपार जात होत्या. आणि जवळ गेल्यावर दिसलं की त्याला कातडी नव्हतीच. झगा, हात, पाय, सगळं बारीक बारीक रेषांचं होतं. हजारो ओरखडे एकावर एक, उभे, आडवे, तिरपे, जिथे सावली हवी तिथे दाट, जिथे ऊन हवं तिथे विरळ. मधल्या जागेतून पलीकडचं अंगण दिसत होतं.

"थांब," साधना म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने परत म्हटलं, मोठ्याने. "थांब तिथेच. वर यायचं नाही."

तो थांबला.

"तू अमृतराव नाहीस. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तुला इथे चुकीच्या नावाने हाका मारल्या, साठ वर्षं. तू आलास, त्यात तुझी चूक नाही म्हणू आपण. पण या घराशी तुझं नातं नाही. या घरातल्या लेकीवर तुझा हक्क नाही. एक नेलीस तू. त्याचा जाब कोणाला विचारू मी? पण ही देणार नाही."

रेषा हलल्या. झग्याच्या टोकाखाली डोकं किंचित वर झालं आणि ते खोल डोळे तिच्यावर थांबले. त्यांत राग असता तर बरं झालं असतं. त्यांत नुसती तहान होती.

"पूर्वज म्हणून तुला इथे थेंब मिळायचा नाही," साधना म्हणाली. "वाटसरू म्हणून आलास तर पाणी आहे. वाटसरूला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. तो दारात पितो आणि आपल्या वाटेने जातो. पाव्हण्या, कर ओंजळ."

 तिच्या कडेवरची घागर जड होत चालली होती आणि पायांना चटके बसत होते. मग त्याने छातीशी धरलेलं कापड सोडलं. दोन्ही हात पुढे आले आणि त्यांची ओंजळ झाली, आपल्याकडे रस्त्यावरचा माणूस करतो अगदी तशी. साधनाने तांब्या भरला आणि वरून धार धरली.

एक थेंब जमिनीवर पडला नाही. तो वाकून पीत होता. पाणी रेषांत शिरत होतं आणि रेषा काळ्याभोर, ओल्या दिसायला लागल्या होत्या, नुकती शाई भरल्यासारख्या. एक तांब्या, दुसरा, तिसरा. तिने मोजलं नाही. घागर तळाला आली तेव्हा तिने शेवटचा तांब्या उपडा केला आणि म्हणाली, "बस. संपलं. आता निघ."

त्याने ओंजळ सोडली नाही.

"निघ म्हटलं ना! पाणी दिलं, पोट भरून दिलं. यापुढे कोणी हाक मारणार नाही तुला. मी मारू देणार नाही."

तो वळला. फाटकातून रस्त्यावर गेला, रस्ता ओलांडून समोरच्या नांगरून टाकलेल्या वावरात उतरला. इतक्या भुसभुशीत ढेकळांतून चालताना माणूस अडखळतो, धूळ उडते. तो सरळ चालत गेला आणि धूळ उडाली नाही. दूर झळांमध्ये ते टोक एकदा दिसलं, मग दिसलं नाही. शेजारचा टीव्ही परत ऐकू यायला लागला.

साधना आत आली आणि तिथेच खाली बसली. अनुश्री आजीच्या मांडीवर डोळे उघडून पाहत होती. पार्वतीबाईंनी तिच्या तोंडाशी पेला धरला. पोरीने दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं.

"पुरे," ती म्हणाली. "भूक लागली."

पेल्यात अर्धं पाणी उरलं होतं. त्या अर्ध्या पेल्याकडे बघून साधना जी रडली, ती वर्षभराचं रडली. पार्वतीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि उत्तमराव स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने नातीसाठी पुरणपोळी वाढून घेऊन आले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ताट वाढल्याचं पार्वतीबाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

तसबीर साधनाने शाळेत नेली. मुख्याध्यापकांना विचारून चित्रकलेच्या वर्गात टांगली आणि खाली स्वतःच्या अक्षरात पट्टी लावली, "अल्जीरियाचा माणूस, नाव माहीत नाही". कुंकू नाही, हार नाही. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर मुलं समोर बसून त्याच्या झग्याच्या चुण्या काढायला शिकली. घरी दिवाणखान्यात दाराशेजारच्या भिंतीवर फिक्या रंगाचा चौकोन तेवढा उरला. अनुश्रीच्या गालावर मांस चढलं, ओठ भरून आले. दीड महिन्यात पोरगी अठरा किलोवर गेली. साधना शाळेत ताठ मानेने वावरायची. आपण जिंकलो, असं तिला वाटत होतं, आणि ते चुकीचं होतं असंही म्हणता येणार नाही.

आषाढ लागला तेव्हा, एका दुपारी, सगळे ओसरीत बसले होते. पार्वतीबाई शेंगा फोडत होत्या, उत्तमराव बाजेवर पेपर वाचत होते, साधना वह्या तपासत होती. अनुश्री उंबरठ्यापाशी, दिवाणखान्याच्या दारात बसून बडबडत होती. प्रश्न विचारावा, थांबावं, मान डोलवावी, असं चाललं होतं.

"कोणाशी बोलतेस गं?" साधनाने वहीतून डोकं न काढता विचारलं.

"आज्जेबांशी."

साधनाच्या हातातला लाल पेन थांबला. "आज्जेबा गेले ना बाळा. शाळेत आहेत ते. भिंतीवर."

"ते न्हाई," पोर हसली. "हे दुसरे. ह्यांनीपन डोक्यावर तसंच घेतलंय. पन त्यांचं बोलणं मला कळायचं न्हाई. ह्यांचं सगळं कळतं. हे आपल्यासारखंच बोलतात."

 पार्वतीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काय... म्हणतात?" साधनाने विचारलं.

"म्हनतात, दर आखितीला माझ्या नावानं हाक यायची. मी यायचो. आन् बघावं तर माझ्या जागी दुसराच बसलेला. साठ वर्सं दारात उभा हाय, म्हनतात." अनुश्रीने मान वर करून भिंतीवरच्या त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. "आई, त्यांना लई तहान लागलीय."

साधना उठली. त्या दुपारी अंगणात उन्हात उभी राहून केलेलं सगळं बोलणं तिला आठवलं, शब्दन्‌शब्द. तुझं नातं नाही, तुझा हक्क नाही. यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं. याला पाव्हणा म्हणता येत नव्हतं.

दाराच्या आत, सावलीत, कोणीतरी घसा खाकरला. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने बाहेर येण्याआधी बायकांना कळावं म्हणून खाकरावं तसा. उत्तमराव तिच्यासमोर बाजेवर बसले होते आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

पार्वतीबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, उठल्या आणि डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे सरकल्या. साधनाचाही हात आपसूक पदराकडे गेला. तिने तो हात तिथेच आवरला, अनुश्रीला बखोटीला धरून मागे घेतलं, आणि उघड्या डोक्याने जाऊन उंबरठ्यावर, आत तोंड करून, आडवी उभी राहिली.